बाग कोणी ठरवायची? शिकागोच्या पार्क कमिशनची गोष्ट

उन्हाळा जवळ आला की मंडळाच्या कार्यकारिणीपुढे पहिला प्रश्न असतो सहलीच्या जागेचा आणि दुसरा परवान्याचा. शिकागो शहराच्या पार्कमध्ये ५० किंवा त्याहून अधिक माणसे जमणार असतील, तर पार्क डिस्ट्रिक्टचा परवाना लागतो. आपल्या सहलीला तेवढी माणसे तर बटाटेवड्यांच्या रांगेतच उभी असतात! तेव्हा अर्ज भरणे आलेच. तो भरताना मनात आले, की हे 'डिस्ट्रिक्ट' आहे तरी काय? पुण्या-मुंबईला बाग म्हणजे महापालिकेचे उद्यान खाते. तक्रार असेल तर नगरसेवकाला गाठायचे. इथे मात्र बागांचे वेगळेच सरकार आहे. त्याचे स्वतःचे बोर्ड, स्वतःचे अंदाजपत्रक, आणि घराच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर त्याची वेगळी ओळ. ही ओळ तिथे कशी आली, ती गोष्ट वाचताना मला स्वतःला फार रस वाटला, म्हणून आपल्यासमोर ठेवतो.

शिकागो शहराने १८३७ मध्ये जे बोधवाक्य घेतले, त्याचा अर्थ 'बागेत वसलेले शहर'. प्रत्यक्षात त्या वेळी होता चिखल. खरी सुरुवात झाली १८६९ मध्ये. त्या वर्षी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शहराच्या तीन बाजूंना तीन पार्क कमिशने नेमली: दक्षिणेला साउथ पार्क, पश्चिमेला वेस्ट पार्क आणि उत्तरेला लिंकन पार्क. यांना जमीन घेण्याचा आणि आपापल्या भागात कर बसवण्याचा अधिकार दिला. महापालिकेच्या राजकारणापासून बागा दूर राहाव्यात, हा उद्देश. म्हणून साउथ पार्कचे कमिशनर सर्किट कोर्टाचे न्यायाधीश नेमत, तर वेस्ट पार्कचे राज्याचे गव्हर्नर. हा फरक लहान वाटतो, पण पुढचे बरेचसे बरे-वाईट त्यातूनच निघाले.

साउथ पार्कने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे शिल्पकार ओल्मस्टेड आणि वॉक्स यांच्याकडून १८७१ मध्ये आराखडा करून घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराला ती प्रसिद्ध आग लागली, पैसा आटला, आणि आराखडा पुढे काटकसरीने, तुकड्यातुकड्याने उतरला. आजची वॉशिंग्टन पार्क आणि जॅक्सन पार्क ती हीच. वॉशिंग्टन पार्कचे गवत कापायला तेव्हा मेंढ्या सोडत असत. जॅक्सन पार्कमध्ये १८९३ चे जागतिक प्रदर्शन भरले. (स्वामी विवेकानंदांचे भाषणही तिथेच झाले असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. सर्वधर्मपरिषद भरली ती शहराच्या मध्यभागी, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत.)

पण या भव्य बागा होत्या कोणासाठी? ज्यांच्याकडे घोडागाडी होती, किंवा निदान रविवारी सगळ्या कुटुंबाला ट्रॅमने नेण्याइतके पैसे होते, त्यांच्यासाठी. कत्तलखान्यांच्या परिसरात राहणारे पोलिश, लिथुएनियन, आयरिश, बोहेमियन मजूर लाकडी खोल्यांतून दाटीवाटीने राहत. त्यांची मुले खेळत ती गल्लीत, नाहीतर रेल्वेच्या रुळांवर. जेन ॲडम्स यांच्या हल हाउस संस्थेने १८९०च्या दशकात एक जागा मोकळी करून मुलांसाठी क्रीडांगण केले. शहराने १८९९ मध्ये 'स्पेशल पार्क कमिशन' नेमले. या कमिशनने एक साधे काम केले. वस्ती कुठे दाट आहे आणि बागा कुठे आहेत, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींचा मेळ कुठेच बसत नव्हता.

इथे साउथ पार्कचे सुपरिंटेंडंट जे. फ्रँक फॉस्टर यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी आधी मॅकिन्ली पार्कमध्ये प्रयोग करून पाहिला: खेळाची मैदाने, पोहण्याची सोय, आणि 'गवतावर चालू नका' अशी पाटी नाही. लोकांची झुंबड उडाली. मग मतदारांच्या संमतीने कर्जरोखे काढून दाट वस्तीत नव्या जागा घेतल्या, आणि १९०५ मध्ये दहा छोटी पार्क सुरू झाली. बागांची आखणी ओल्मस्टेड ब्रदर्सची, इमारती डॅनियल बर्नहॅम यांच्या कंपनीच्या.

या इमारतींना म्हणतात फील्डहाउस. आज आपण तिथे मुलांना बास्केटबॉलला सोडतो आणि गाडीत बसून वाट पाहतो; पण १९०५ मध्ये हा प्रकार नवीन होता. पुरुषांची आणि स्त्रियांची वेगळी व्यायामशाळा, सभागृह, लहान-मोठ्या बैठकांच्या खोल्या, स्वस्त खाणे, पुस्तके, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गरम पाण्याचे शॉवर. घरी न्हाणीघर नसलेल्या माणसाला याची किंमत काय असेल, ते चाळीत राहिलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको. कत्तलखान्यांलगतच्या डेव्हिस स्क्वेअरमध्ये दिवसभर रक्तामांसात राबलेले लोक संध्याकाळी येऊन अंघोळ करीत. संस्थांच्या सभा, लग्नाचे समारंभ, नाटके, इंग्रजीचे वर्ग, सगळे तिथेच. आपल्यासारखीच ती परदेशातून आलेली माणसे. फक्त त्यांना हायस्कूलचे सभागृह भाड्याने घेऊन गणपती बसवावा लागला नाही. १९०७ मध्ये क्रीडांगण चळवळीची पहिली राष्ट्रीय परिषद मुद्दाम शिकागोला भरली, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या बागांची तोंड भरून स्तुती केली.

वेस्ट पार्कमध्ये याच काळात वेगळे चालले होते. तिथल्या नेमणुका गव्हर्नरच्या हातात, म्हणजे पक्षाच्या हातात. डेन्मार्कहून आलेला येन्स येन्सन हा गृहस्थ साधा मजूर म्हणून लागला आणि हम्बोल्ट पार्कचा सुपरिंटेंडंट झाला. भ्रष्टाचारात सामील व्हायला तयार नाही, म्हणून १९०० मध्ये त्याला काढून टाकले. गव्हर्नर बदलले, बोर्ड बदलले, आणि १९०५ मध्ये तोच माणूस साऱ्या वेस्ट पार्कचा प्रमुख म्हणून परत आला. आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो ती गार्फील्ड पार्कची काचेची वनस्पतिशाळा त्याचीच. माणूस तोच, बागाही त्याच. खुर्चीवर कोण बसले तेवढे बदलले.

आता एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात पोहत होता. २९व्या रस्त्याच्या किनाऱ्याजवळ एक रेघ होती. ती पाण्यावर आखलेली नव्हती आणि कोणत्या कायद्यातही लिहिलेली नव्हती. पण सगळ्यांना माहीत होती. तो तिच्यापलीकडे वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली: २३ कृष्णवर्णीय, १५ गोरे. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १९२२ च्या अहवालात बागा आणि किनाऱ्यांचाही विचार केला. नियम सर्वांना सारखे होते. वहिवाट सारखी नव्हती.

मंदीच्या काळात एकेका कमिशनला खर्च झेपेना. एव्हाना मोठ्या तिघांखेरीज मोहल्ल्या-मोहल्ल्यांची १९ छोटी पार्क डिस्ट्रिक्टे झाली होती. मतदारांच्या कौलाने १९३४ मध्ये या २२ जणांचे एकच 'शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट' झाले, आणि कमिशनर नेमण्याचा अधिकार गेला मेयरकडे. राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी १८६९ मध्ये जो खटाटोप केला, तो इथे संपला असे माझे मत. बागांतल्या नोकऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटण्याची पद्धत पुढे अनेक वर्षे चालली. १९७३ ते १९८६ या काळातले सुपरिंटेंडंट एड केली हे त्याच वेळी ४७व्या वॉर्डाचे डेमोक्रॅटिक पक्षाचे कमिटीमनही होते, एवढे सांगितले तरी पुरे.

१९८२ च्या अखेरीस केंद्राच्या न्यायखात्याने पार्क डिस्ट्रिक्टवर फिर्याद केली. म्हणणे असे, की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या पार्कना गोऱ्या वस्त्यांच्या मानाने सोयी कमी, नोकर कमी, कार्यक्रम कमी. यात नवीन काहीच नव्हते. तिथल्या रहिवाशांना ते वर्षानुवर्षे दिसत होते, वृत्तपत्रांनी लिहिले होते, १९७५ मध्ये स्थापन झालेली 'फ्रेंड्स ऑफ द पार्क्स' ही संस्था बोलत होती. पण कोर्टापुढे उभे राहिले ते मोजलेले आकडे: कुठे किती व्यायामशाळा, कुठे किती शिक्षक. डिस्ट्रिक्टने आरोप नाकारले. तरी १९८३ मध्ये कोर्टापुढे करार करून दुर्लक्षित वस्त्यांत पैसा आणि माणसे वळवण्याचे कबूल केले. १८९९ च्या कमिशनने जे केले तेच पुन्हा करावे लागले. वस्ती आणि बाग शेजारी शेजारी ठेवून पाहायचे.

याच दशकात एकेका पार्कसाठी रहिवाशांच्या सल्लागार समित्या निघू लागल्या. त्यांना मताचा अधिकार नाही आणि तिजोरीही नाही. सुधारणेच्या कामाचा मार्ग साधारण असा: बोर्डावर सात कमिशनर असतात. मेयर नेमतात, नगरसभा मान्यता देते, मानधन काही नाही. मोठ्या कामांची पाच वर्षांची योजना केलेली असते. वार्षिक अंदाजपत्रकापूर्वी जाहीर सुनावणी होते, आणि बोर्डाच्या सभेत नाव नोंदवून कोणालाही दोन शब्द बोलता येतात. पैसा येतो प्रॉपर्टी टॅक्समधून, शुल्कातून, कर्जरोख्यांतून, राज्याच्या अनुदानातून; सोल्जर फील्ड स्टेडियमही डिस्ट्रिक्टच्याच मालकीचे. वॉर्डाचे ऑल्डरमन आपल्या निधीतून भर घालू शकतात. सुमारे ६०० पार्क आणि ८,८०० एकर जमीन यांत कोणाचा नंबर आधी लागायचा, हे ठरते तेव्हा ज्या पार्कची समिती जागी असते त्याचा कागद फायलीत वर राहतो. आणि बोर्डाने डोळा ठेवला नाही तर काय होते, तेही दिसले. किनाऱ्यांवरच्या लाइफगार्ड मुलींच्या तक्रारींच्या हाताळणीवरून २०२१ मध्ये डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना आणि पाठोपाठ बोर्डाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्यापैकी बहुतेक जण उपनगरांत राहतात. तिथे पार्क डिस्ट्रिक्टचे कमिशनर नेमलेले नसतात; आपण मते देऊन निवडतो. ती नावे मतपत्रिकेवर अगदी तळाशी असतात. मी स्वतः कित्येक वर्षे ती चौकट कोरी सोडत आलो, हे कबूल करतो.

शेवटी आपल्या ओळखीच्या एका पार्कविषयी. डेव्हन अव्हेन्यूवर भाजी आणि मिठाई घ्यायला जाताना जवळच 'इंडियन बाउंडरी पार्क' अशी पाटी दिसते. नवीन आलेल्या माणसाला वाटते, वा, आपल्यासाठी बागसुद्धा! इथले 'इंडियन' अर्थात मूळ रहिवासी. १८१६ च्या तहात ओटावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी लोकांशी जी सीमारेषा ठरली, ती या भूमीवरून जात होती. जवळची रॉजर्स अव्हेन्यू बाकीच्या रस्त्यांना तिरकी धावते ती त्याच रेषेवरून. सीमा टिकली १८३३ पर्यंत. त्या वर्षी दुसरा तह झाला आणि त्या लोकांना मिसिसिपीपलीकडे जावे लागले.

हे पार्क त्या १९ छोट्यांपैकी एकाने, १८९६ मध्ये स्थापन झालेल्या रिज अव्हेन्यू पार्क डिस्ट्रिक्टने केले. १९१५ पासून थोडी थोडी जमीन घेतली. एका काळ्या अस्वलापासून छोटे प्राणिसंग्रहालय सुरू केले. १९२९ मध्ये फील्डहाउस बांधले, बाहेरून इंग्लिश ट्यूडर घाटाचे, आत मूळ रहिवाशांची चिन्हे. १९३४ मध्ये ते मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झाले. १९८९ मध्ये शेजारपाजारच्या लोकांनी एकत्र येऊन मुलांसाठी लाकडी क्रीडांगण स्वतःच्या हातांनी उभारले. २०१२ च्या मे महिन्यात फील्डहाउसला आग लागली, छपराचे मोठे नुकसान झाले. पाडून नवीन बांधणे स्वस्त पडले असते की काय कोण जाणे, पण २००५ पासून ती इमारत शहराच्या वारसा यादीत होती आणि परिसरातले लोक मागे लागले होते. ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. प्राणी मात्र २०१३ मध्ये गेले. त्यांच्या जागी मुलांना मातीत, ओंडक्यांत खेळण्याची जागा केली आहे. येत्या खेपेला डेव्हनला जाल तेव्हा सामान गाडीत ठेवून दहा मिनिटे आत फिरून या.