धाब्याचे घर आणि हरित सनद

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत, आणि येथील मनुष्य आपले गाव सांगताना आजही आपण घाटावरचे की घाटाखालचे, हे आधी सांगतो. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ह्या बाजूस, पठाराची मोकळी हवा, मुरमाड जमीन आणि हाताशी असलेला काळा पाषाण. घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ह्या बाजूस, पूर्णेचे सपाट खोरे, खोल काळी माती, वैशाखात अंग भाजून काढणारे ऊन आणि खोऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात विहिरीला लागणारे खारे पाणी. एकाच जिल्ह्यात निसर्गाने असे दोन स्वभाव ठेवल्यामुळे येथील घरबांधणीला प्रथमपासूनच एक शिस्त पाळावी लागली, आणि ती शिस्त कोणत्याही सरकारी हुकमाने नव्हे, तर माती, पाणी, ऊन आणि लाकूड ह्यांनी घालून दिलेली होती. आज नव्या घरांना आणि दुरुस्त होणाऱ्या जुन्या घरांना पर्यावरणाच्या कसोटीवर गुण देण्याची आणि त्या गुणांवरून हरित इमारतीची सनद बहाल करण्याची जी पद्धती जगभर रूढ होत आहे, तिचा विचार करताना ह्या जुन्या शिस्तीचा इतिहास डोळ्यांआड करणे, हे मला मोठे नुकसान वाटते.

बुलढाणा ज्यात मोडतो त्या वऱ्हाडातील गावाची रचना समजण्यासाठी पांढरी आणि काळी हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. काळी ती पिकाची जमीन आणि पांढरी ती वस्तीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उभी केलेली भिंत दोन-चार वर्षांत तडकल्यावाचून राहत नाही. म्हणून वस्ती बसली ती उंचवट्याच्या, निचऱ्याच्या जागी, आणि शतकानुशतके पडलेल्या भिंती, चुलींची राख, चुनखडी व गोठ्यांतील गाळ ह्यांच्या थरांनी त्या उंचवट्याची माती पांढुरकी व मुरलेली झाली. ही माती काळीप्रमाणे फुगत नाही व फाटत नाही. म्हणून भिंतीला तीच, गिलाव्याला तीच आणि छपरालाही तीच. पडक्या घराची माती नव्या घरात, नव्या घराची माती कालांतराने पुन्हा पांढरीत, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि बांधकामाचा राडारोडा गावाबाहेर नेऊन टाकण्याचा प्रसंग कोणावर आला नाही.

ह्या मातीचे सर्वांत मोठे कर्तृत्व दिसते ते धाब्यात. दगडी जोत्यावर दीड-दोन हात रुंदीची मातीची भिंत, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर किलचांचे, म्हणजे चिरलेल्या लाकडी पट्ट्यांचे, दाट अंथरूण, किलचांवर निंबाचा पाला किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड, चोपून बसविलेला थर, अशी ही सपाट छपराची बांधणी होय. निंबाच्या पाल्याने वाळवी दूर राहते, मातीच्या जाडीमुळे दुपारचे ऊन खोलीत पोहोचेपर्यंत सूर्य मावळतो, आणि रात्री छप्पर ती उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते. छतात ठेवलेल्या साण्यातून उजेड आत येई व चुलीचा धूर बाहेर जाई. मृग लागण्यापूर्वी धाब्यावरचे गवत उपटून, भेगा बुजवून, नव्या पांढऱ्या मातीचा हात फिरविणे, पन्हळी साफ करणे आणि भिंती लिंपून घेणे, हे प्रत्येक कुटुंबाचे वार्षिक कर्तव्य असे. ह्या कामी आळस केला तर आषाढातील पहिल्याच झडीत त्याची शिक्षा मिळे. घर बांधणे आणि घर राखणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव जुन्या समाजाच्या हाडीमाशी खिळली होती. माझ्या मते धाब्याने आपल्याला दिलेला सर्वांत मोलाचा धडा तोच आहे.

सामान्य कुणब्याच्या घरात जे तत्त्व होते, तेच मोठ्या प्रमाणावर देशमुखांच्या गढ्यांत आणि सरदारांच्या वाड्यांत दिसते. 1598 साली जिथे जिजाऊंचा जन्म झाला, त्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याभोवती आजही पाहणाऱ्याला दगडाच्या कामाइतकेच पाण्याचे काम दिसते: मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव ही त्या वसाहतीची आवश्यक अंगे होती, शोभेची भर नव्हती. लोणारच्या विवराकाठी दैत्यसूदनाचे मंदिर घडविणाऱ्या पाथरवटांनी दगड दुरून आणला नाही. ज्या काळ्या पाषाणाच्या भूमीत ते विवर पडले, त्याच पाषाणाने त्या मंदिराला देह दिला. अकबराच्या कारकिर्दीत वऱ्हाड सुभ्याच्या दप्तरात मेहकर हे एका सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचे, मुख्य ठाणे म्हणून नोंदले गेले. पुढे निजामाचा अंमल आला आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. राज्ये बदलली, जमाबंदीच्या रीती बदलल्या. परंतु घर कोणत्या मातीचे, कोणत्या लाकडाचे आणि कोणत्या दिशेने वळवायचे, हा निर्णय गावाचा सुतार, लोहार, बेलदार आणि घरधनी ह्यांच्याच हाती राहिला.

तथापि ह्या जुन्या घराचे गुणगान करताना सत्याचा अपलाप होता कामा नये. धाब्याच्या आतील खोल्या काळोख्या असत. साप-विंचवांना भिंतींत आसरा मिळे. सतत आठवडाभर पाऊस लागला की भिजून जड झालेले धाबे खाली येऊन माणसे दगावत. गढीला साग मिळे आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला पऱ्हाटीचा कूड व गवताचे छप्पर ह्यांवरच भागवावे लागे. जागा, पाणी आणि लाकूड ह्यांवरील हक्क जातीने ठरत, आणि ज्या पांढरीचे आपण कौतुक करतो तिच्यावर सर्वांना पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती. म्हणून जुने घर जसेच्या तसे परत आणणे हे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्यातील विचार तेवढा घ्यावयाचा आहे.

हा विचार सुटण्यास आरंभ झाला तो आगगाडीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव ह्या मार्गाने गेला, आणि 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते जलंब-खामगाव फाटा खुला झाल्यावर खामगावचा कापूस थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. जाणाऱ्या गाड्यांनी कापूस नेला, तशा येणाऱ्या गाड्यांनी नालीदार पत्रे, लोखंडी गर्डर आणि मंगलोरी कौले आणली. खामगावच्या जिनिंग कारखान्यांवर जे पत्रे चढले, ते हळूहळू सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरावरही चढले, कारण पत्र्याला दरसाल माती लागत नव्हती. जंगले सरकारी बंदोबस्तात गेल्यावर सागाची तुळई सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, आणि ज्या पद्धतीचा कणाच लाकडाचा होता ती पद्धती दुबळी झाली. स्वातंत्र्यानंतर सिमेंट सुलभ झाले, स्लॅब हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले, आणि घरकुलाच्या सरकारी योजनांनी पक्क्या घराची व्याख्याच विटा-सिमेंटशी जोडून टाकली. गरिबाच्या डोक्यावर न गळणारे छप्पर आले, ही ह्या योजनांची निःसंशय पुण्याई आहे; परंतु घाटाखालच्या उन्हात पाच इंची स्लॅबखाली दुपार काढणाऱ्या म्हातारीला आणि तान्ह्या मुलाला त्या पक्केपणाची किंमत दर उन्हाळ्यात मोजावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

ह्या वाटचालीविरुद्ध पहिला विचारपूर्वक आवाज विदर्भातच उठला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामी, राहावयास गेले तेव्हा तेथील कुट्या आसपासच्या माती, बांबू आणि लाकडातून, गावच्या कारागिरांकडून उभ्या राहिल्या. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, हे गांधीजींनी आपणांस सांगितले, असे वास्तुशिल्पी लॉरी बेकर ह्यांनी नमूद करून ठेवले आहे. ह्यानंतर अर्धशतकाने, 1990 साली, इंग्लंडमध्ये ब्रीअम ही इमारतींना पर्यावरणाच्या दृष्टीने श्रेणी देणारी पद्धती निघाली. अमेरिकेत 1993 साली स्थापन झालेल्या हरित इमारत परिषदेने पुढे लीड ही मानके सिद्ध केली, आणि त्यांच्या आरंभीच्या आवृत्त्यांत स्थानिक साहित्याची मर्यादा पाचशे मैलांची ठरविण्यात आली. पाच मैल आणि पाचशे मैल ह्या दोन आकड्यांत दोन संस्कृतींचे अंतर सामावलेले आहे.

भारतात ह्या कार्यास 2001 साली भारतीय उद्योग महासंघाने स्थापन केलेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने चालना दिली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज केंद्राच्या इमारतीला लीडची सर्वोच्च श्रेणी मिळाली. 2007 साली टेरी ही संस्था आणि केंद्राचे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय ह्यांनी तयार केलेली गृह ही पद्धती राष्ट्रीय श्रेणीव्यवस्था म्हणून मान्य झाली. ती जागेची निवड, मातीचे संरक्षण, पाण्याचा वापर, ऊर्जा, साहित्य, कचरा अशा निकषांवर गुण देते आणि एक ते पाच तारे बहाल करते. लहान इमारतींसाठी स्वगृह ही तिची संक्षिप्त शाखाही आहे. 2018 साली केंद्राने निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता जाहीर केली आणि भिंती व छप्पर ह्यांतून किती उष्णता आत येऊ द्यावी, ह्याची मर्यादा आकड्यांत बांधून दिली. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत श्रेणीप्राप्त हरित इमारतींना वाढीव चटईक्षेत्राचे उत्तेजनही आहे.

आता ही मोजपट्टी धाब्याला लावून पाहिली, तर साहित्याचे स्थानिकत्व, मातीचा पुनर्वापर, उष्णतेला अडथळा आणि कचऱ्याचा अभाव ह्या निकषांवर जुने घर सहज उतरते. परंतु आरोग्य, प्रकाशाची पुरेशी मात्रा, सुरक्षितता आणि सांडपाण्याची सोय ह्यांत ते कमी पडते, आणि ह्या बाबतींत नव्या मानकांचे आपल्यावर उपकारच आहेत. कोणत्याही गृहिणीला, कोणत्याही गवंड्याला आपले घर कुठे उणे आहे हे आकड्यांनी दाखवून देता येते, हे लहान सामर्थ्य नव्हे.

परंतु मोजपट्टीची लांबीही तपासली पाहिजे. इको निवास संहितेची व्याप्ती मुख्यत्वे पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींची. वाढीव चटईक्षेत्र हवे कोणाला, तर मजले चढविणाऱ्या विकासकाला. आणि प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र आहे पंचवीस चौरस मीटर. म्हणजे ह्या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे ज्या घरांत राहतात, ती घरे सनदेच्या दरबारात पोहोचतच नाहीत. शिवाय सनद एका दिवशी दिली जाते, आणि घर मात्र पुढे पन्नास वर्षे उन्हात उभे राहते. दरसाल मृगापूर्वी होणाऱ्या लिंपणाची जागा कोणत्या निकषाने भरून काढायची, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि खारपाणपट्ट्यातील खारे पाणी काँक्रीटमध्ये गेल्यास आतील सळया गंजतात, काळ्या मातीवर उथळ पाया घातल्यास भिंत फाटते, ह्या गोष्टी दिल्लीत बसून लिहिलेल्या सर्वसाधारण निकषांत ठळकपणे येत नाहीत. त्या ठाऊक असतात नांदुऱ्याच्या गवंड्याला.

स्थानिक बुद्धीने देशाला मार्ग दाखवावा, असे ह्या जिल्ह्यात अलीकडेच घडले आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी लागणारी माती आणि मुरूम टेकड्या फोडून न आणता तलाव, नाले खोल करून काढावा, म्हणजे रस्ताही होतो आणि पाणीही साठते, हा प्रयोग येथे झाला, आणि बुलढाणा पॅटर्न ह्या नावाने त्याची दखल नीती आयोगापर्यंत घेतली गेली. साहित्य काढताना पाण्याची सोय करावी, हा मोती तलावाच्या काळचाच विचार होता. त्याला नव्या यंत्रांची जोड मिळाली, इतकेच.

म्हणून माझी विनंती अशी की, जिल्हा परिषदेने, येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि गवंडीकाम करणाऱ्या जाणत्या कारागिरांनी एकत्र बसून बुलढाण्याचे स्वतःचे गृहमानक लिहावे: घाटावरचे वेगळे, घाटाखालचे वेगळे; ज्यात पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलालाही जागा असेल, छप्पर थंड ठेवण्याचे स्वस्त उपाय असतील, जुन्या घराच्या दुरुस्तीला नव्या बांधकामाइतकेच गुण असतील आणि दरसाल पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीची अट असेल. आणि ते होईपर्यंत ज्यांच्या गावी एखादे धाब्याचे घर अद्याप उभे आहे, त्यांनी ते पाडण्यापूर्वी त्याच्या भिंतींची जाडी, तुळयांचे अंतर आणि छपराचे थर मोजून लिहून ठेवावेत. कारण नवे मानक लिहिणाऱ्यांना त्या नोंदींची गरज पडणार आहे, आणि घर पडल्यावर त्या कोणालाही मिळणार नाहीत.