होस्ट, डोमेन, सर्व्हर : हे शब्द आले कुठून, आणि संशोधकाला त्यांचं काय?

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, लॅबची वेबसाइट करायची आहे. नक्की विकत काय घ्यायचं? डोमेन, होस्टिंग की सर्व्हर?" त्याच दिवशी मी प्रबंधातले संदर्भ तपासत बसले होते. एका जुन्या पेपरमध्ये 'संपूर्ण डेटा या पत्त्यावर उपलब्ध आहे' असं लिहिलेलं होतं. पत्ता टाकला, तर समोर ४०४. पेपर शाबूत, डेटा गायब.

त्याचा प्रश्न आणि माझी अडचण, दोन्हींचं मूळ एकच आहे. वेबवर वस्तूचं नाव वेगळं असतं आणि ती जिथे ठेवली आहे ती जागा वेगळी असते. दोन्हींची देखभाल वेगवेगळी माणसं करतात, दोन्हींचं भाडं वेगळं भरावं लागतं. होस्टिंगचे बहुतेक शब्द या एका गोष्टीभोवती फिरतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शब्द कोणत्या अडचणीतून आला ते पाहू. लक्षात राहायला सोपं जातं.

होस्ट

होस्ट म्हणजे यजमान. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ मध्ये अर्पानेट हे नेटवर्क सुरू झालं. वर्षअखेरीस त्यावर चारच ठिकाणं होती : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथल्या शाखा, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि युटा विद्यापीठ. संदेशांची ने-आण करायला प्रत्येक ठिकाणी एक छोटा संगणक वेगळा ठेवलेला असे. त्याला जोडलेला मोठा संगणक, ज्यावर लोकांचं खरं काम चालायचं, तो होस्ट. आजही वेब होस्टिंग म्हणजे तेवढंच : कायम जाग्या असलेल्या संगणकावर तुमच्या फाइल्सना जागा देणं.

प्रत्येक होस्टला एक अंकी पत्ता होता. अंक माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. कोणत्या नावाचा कोणता अंक, याची एकच यादी होती. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे असायची. नवा संगणक जोडायचा असेल तर कामाच्या वेळेत तिथे फोन करायचा. मग ते नाव यादीत चढायचं आणि बाकीचे ती फाइल उतरवून घ्यायचे. त्या फाइलचा वंशज तुमच्या लॅपटॉपवर अजून आहे. लिनक्स असेल तर इटीसी फोल्डरमध्ये होस्ट्स नावाची फाइल उघडून बघा.

डोमेन आणि डीएनएस

संगणक काही शे झाले आणि ही पद्धत मोडकळीला आली. एकच नाव दोघांना हवं असायचं, लोकांकडच्या प्रती शिळ्या व्हायच्या, आणि सगळा भार एका कार्यालयावर. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल यांनी हा प्रश्न पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवला. मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली.

कल्पना साधी होती : एका यादीची झाडासारखी वाटणी करायची आणि प्रत्येक फांदी ज्याची त्याने सांभाळायची. विद्यापीठाचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी 'इन', म्हणजे भारत. त्याआधी 'एसी', म्हणजे शैक्षणिक संस्था. त्याआधी विद्यापीठाचं नाव. ब्राउझरही याच क्रमाने विचारपूस करवून घेतो : मुळाला विचारलं की तो 'इन'कडे पाठवतो, तिथून पुढच्याकडे, असं करत शेवटच्या नेमसर्व्हरकडून अंकी पत्ता मिळतो. त्या अंकाला आयपी ॲड्रेस म्हणतात.

प्रत्येक वेळी एवढी पायपीट नको म्हणून वाटेतले सर्व्हर मिळालेलं उत्तर थोडा वेळ साठवून ठेवतात. किती वेळ, ते ठरवणाऱ्या आकड्याचं नाव टीटीएल. साइट नव्या जागी हलवल्यावर तुम्हाला नवी दिसते आणि मित्राला जुनी, याचं कारण हेच. घाबरायचं नाही, टीटीएल संपायची वाट बघायची.

सर्व्हर

इथपर्यंत वेब नव्हतंच, नुसतं नेटवर्क होतं. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी एक प्रस्ताव लिहिला. त्यांची अडचण आपल्या ओळखीची आहे : संशोधक येतात, जातात, आणि कोणती माहिती कुठे ठेवली होती ते त्यांच्याबरोबरच निघून जातं. १९९० च्या अखेरीस त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर जगातला पहिला वेब सर्व्हर चालू झाला. त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका.

सर्व्हर म्हणजे काय, ते या चिठ्ठीत आलं. तो फार शक्तिशाली संगणक असायलाच हवा असं नाही. कोणीही, कधीही मागितलं तरी उत्तर द्यायला तो चालू असला पाहिजे. होस्टिंग कंपन्या ज्या 'अपटाइम'ची जाहिरात करतात तो हाच. महिन्यातला ९९.९ टक्के वेळ चालू, म्हणजे साधारण ४३ मिनिटं बंद, असा त्याचा हिशेब.

रजिस्ट्री, रजिस्ट्रार आणि भाडं

पहिलं 'डॉट कॉम' नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने नोंदवलं. तेव्हा नोंदणी फुकट होती. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं केलं आणि नावांवर उड्या पडल्या. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर फी लागू झाली. एका कंपनीच्या मक्तेदारीवर ओरड झाल्यावर १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था उभी राहिली आणि कामं वाटली गेली. 'कॉम' किंवा 'इन'ची मूळ वही ठेवते ती रजिस्ट्री. तुम्हाला नाव देणारा दुकानदार तो रजिस्ट्रार.

'डॉट इन'ची वही बरीच वर्षं मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. २००५ मध्ये नोंदणी खुली झाली आणि कारभार निक्सीकडे गेला. शिक्षणसंस्थांची 'एसी डॉट इन' नावं मात्र अर्नेट देते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की डोमेन विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. नूतनीकरण चुकलं तर ते दुसऱ्या कोणाचंही होऊ शकतं. मग तुमच्या पेपरमधला दुवा उघडतो, पण भलतंच काही दाखवतो.

शेअर्ड, व्हीपीएस, क्लाउड

सुरुवातीला ब्राउझर सर्व्हरला फक्त 'अमुक पान दे' एवढंच सांगायचा, कोणत्या साइटचं ते सांगायचा नाही. त्यामुळे प्रत्येक साइटला स्वतःचा आयपी ॲड्रेस लागे, आणि जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ आलं आणि प्रत्येक मागणीत होस्टचं नाव सांगणं सक्तीचं झालं. या एका ओळीमुळे एका पत्त्यावर शेकडो साइट्स नांदू लागल्या. हेच शेअर्ड होस्टिंग. वाड्यातल्या बिऱ्हाडासारखं आहे : भाडं कमी, पण नळ एकच. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की तुमची साइट मंदावते.

व्हीपीएसमध्ये एकाच मशीनचे सॉफ्टवेअरने वेगळे भाग पाडतात, तुमचा वाटा तुमच्या नावावर. डेडिकेटेड म्हणजे अख्खं मशीन. क्लाउड म्हणजे गरजेप्रमाणे वाटा कमी-जास्त करायचा आणि वापराएवढे पैसे द्यायचे. ॲमेझॉनने २००६ मध्ये ही सेवा बाजारात आणल्यावर ती रुळली. योजनेच्या तक्त्यात दिसणारी 'बँडविड्थ' म्हणजे बहुधा महिन्याला किती डेटा बाहेर जाऊ शकतो त्याची मर्यादा. फाइल ५०० एमबीची आणि मर्यादा १० जीबीची असेल, तर वीसेक जणांनी उतरवल्यावर कोटा संपला.

आता ४०४ कडे

दुवा मेला की तो कशाने मेला ते त्याच्या निरोपावरून कळतं. 'सर्व्हर सापडत नाही' म्हणजे बहुधा नाव गेलं. ४०४ म्हणजे यजमान घरी आहे, पण मागितलेली वस्तू तिथे नाही. ५०० पासूनचे आकडे म्हणजे यजमानच आजारी. माझ्या बाबतीत ४०४ होता, म्हणजे विद्यापीठ होतं, नाव होतं; फक्त ते वैयक्तिक पान काढून टाकलेलं होतं.

हे अपवादाने घडत नाही. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं एकदम गेली. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले दुवे तपासले. सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर उरलेला नव्हता.

उपाय डीएनएसच्याच धाटणीचा निघाला : नाव आणि जागा यांच्यामध्ये आणखी एक वही. ती म्हणजे डीओआय. पेपरमध्ये डीओआय छापायचा, फाइल कुठेही हलली तरी वहीतली जागा बदलायची. पण ती वही आपोआप बदलत नाही. कोणीतरी जबाबदारी घेऊन बदलावी लागते. म्हणूनच डीओआय व्यक्तीला सुटा मिळत नाही, प्रकाशक किंवा संग्रहसंस्थेमार्फत मिळतो.

तर त्या ज्युनिअरला मी हे सांगितलं. लॅबची ओळख करून द्यायला शेअर्ड होस्टिंग पुरे. डोमेन आणि होस्टिंगच्या खात्यावर एका विद्यार्थ्याचा ईमेल ठेवू नका, तो पदवी घेऊन जाणार. लॅबचा कायमचा ईमेल द्या आणि दोन्हींच्या मुदती गाइडच्या डायरीत लिहा. पेपरला जोडलेला डेटा मात्र लॅबच्या साइटवर ठेवू नका. तो झेनोडोसारख्या संग्रहात ठेवा. तो सर्नच २०१३ पासून चालवतं आणि डीओआय फुकट देतं. दुसऱ्याचं वेबपान संदर्भात देताना त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा आणि पाहिल्याची तारीख लिहा.

मला तो जुना डेटा अखेर वेबॅक मशीनमध्येच मिळाला, पण अर्धाच. पान जतन झालं होतं, त्यावरची मोठी झिप फाइल नव्हती. लेखकांना ईमेल पाठवला आहे, अजून उत्तर आलेलं नाही. तुमचा प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा आज एक तास काढा आणि संदर्भयादीतला प्रत्येक दुवा एकदा उघडून बघा.