लहान टाकीवरचा आळ

खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे तर टाकी मोठीच घ्या, निदान 200 लिटरची. लहान टाकीत पाण्याचा खारेपणा टिकत नाही, असा सल्ला पुण्या-मुंबईच्या दुकानांत सर्रास मिळतो. विचारणारा शेवगावचा निघाला की वर पुस्ती जोडली जाते: तुमच्याकडची हवा कोरडी, समुद्र अडीचशे किलोमीटर लांब, तुम्ही या फंदात पडूच नका. हे मत इतकं रुजलं आहे की ते तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. मला ते चुकीचं वाटतं, आणि त्याचा समाचार घेणं भाग आहे. कारण त्यापायी गावाकडची कितीतरी हौशी मुलं सुरुवातीलाच माघार घेतात.

आधी पूर्वपक्ष. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. पाणी थोडंच असेल तर त्यातलं जरासं उडालं तरी उरलेलं झपाट्याने खारं होणार. साठा मोठा असला की तेवढ्याने काही बिघडत नाही. पहिलं विधान निर्विवाद खरं आहे. घोटाळा पुढच्या अनुमानात आहे, कारण वाफ किती होईल हे पाण्याच्या साठ्यावर नव्हे, त्याच्या उघड्या पृष्ठभागावर ठरतं.

हिशेब मांडू. एक टाकी 34 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच खोल. पाणी 39 लिटरच्या आसपास. दुसरी 100 सेंटिमीटर लांब, 40 रुंद, 50 खोल. म्हणजे 200 लिटर. एकाच खोलीत ठेवल्या तर दोन्हींची पातळी साधारण सारखीच उतरते. समजा, दिवसाला 5 मिलिमीटर. लहान टाकीतून पाऊण लिटरही जात नाही, 578 मिलिलिटर जातं. मोठीतून तब्बल 2 लिटर. टक्केवारीत पाहिलं तर लहानीतलं दीड टक्का, मोठीतलं एक टक्का. टाकी पाचपट मोठी घेतली, पैसा ओतला, आणि पदरात पडलं दीडपट स्थैर्य. तेही आकारमानामुळे नव्हे, खोलीमुळे. 200 लिटरचीच टाकी 20 सेंटिमीटर खोल, पसरट करून ठेवा. तिच्यातलं रोज अडीच टक्के पाणी जाईल आणि आपली लहान चौकोनी टाकी तिच्याहून सरस ठरेल.

मग लहान टाक्या बिघडतात त्या कशाने? बहुतेक वेळा एका सवयीने. टाकीतलं पाणी खारं, म्हणून पातळी उतरली की खारंच पाणी ओतायचं. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे 35 भाग क्षार असतात. रोज 578 मिलिलिटर तसं पाणी ओतलं तर रोज 20 ग्रॅम क्षार जादा पडतात आणि महिनाभरात 35 चे 50 होतात. 200 लिटरच्या टाकीत हेच केलं तर महिन्याने 45 होतात. मासे तिथेही जगत नाहीत; फक्त मरायला थोडे जास्त दिवस लागतात, म्हणून दोष झाकला जातो. वाफेत पाणी जातं तेव्हा भरायचं ते गोडंच पाणी. कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागू नये. पाणी उडून जमिनीला मीठ फुटतं, हे नीरा खोऱ्यात हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी 1910 मध्येच लिहून ठेवलं आहे. जमिनीला निचरा तरी करता येतो, काचेच्या टाकीला तोही नाही.

आता कोरड्या हवेचा मुद्दा. इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण ज्याला शेवगावचं वैगुण्य म्हणतात ते माझ्या मते त्याचं बळ आहे. चैत्र-वैशाखात खोलीचं तापमान चढतं आणि प्रवाळासारख्या जिवांना 30 अंशांपुढचं पाणी सोसत नाही. वाफ होताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एका ग्रॅमला साधारण 580 कॅलरी. आपल्या लहान टाकीतून दिवसाला उडणारं 578 ग्रॅम पाणी जेवढी उष्णता नेतं, तेवढी ते सगळं पाणी आठ अंशांनी तापवायला पुरेल. पाण्यावर एक छोटा पंखा सोडला की काम होतं. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा निम्माही उपयोगी पडत नाही. आपल्याकडे कूलर चालतो आणि तिकडे चालत नाही, त्याचं कारण हेच. तेव्हा वाफ अडवायला टाकी घट्ट झाकणं हा उलटा उपाय आहे. वाफ होऊ द्यावी, गेलेलं पाणी परत द्यावं.

कोणी म्हणेल, कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटीगणिक खारेपणा बदलतो, मग एवढी काळजी कशाला? खाडीतले जीव त्या बदलासाठीच घडलेले असतात. माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या तिसऱ्या हिश्शाइतके असतात आणि जादा मीठ तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणून थोडाफार फरक निभावून नेतो. तारामासा किंवा प्रवाळ यांच्याकडे अशी सोय नाही. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं.

बोअरच्या पाण्याचंही एक मत ऐकू येतं: आपलं बोअर नाहीतरी खारटच, तेच भरू. समजा त्यात लिटरला 1 ग्रॅम क्षार आहेत. महिन्याला 17 ग्रॅम पडले तरी खारेपणाचा आकडा फारसा हलणार नाही, आणि तिथेच फसगत आहे. ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून आणलेले 77 नमुने तपासून विल्यम डिटमारने 1884 मध्ये दाखवलं, की समुद्र कुठे कमी खारा असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं परस्पर प्रमाण जवळपास एकच असतं. बोअरचे क्षार ते प्रमाणच मोडतात. जारचं फिल्टरचं पाणी घ्यावं, तेही टीडीएस मीटरने पाहून; जितकं शून्याजवळ तितकं बरं. हा मीटर मात्र टाकीच्या पाण्यात बुडवू नये, तेवढा खारेपणा त्याच्या आवाक्यातच नसतो. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर लागतो, आणि त्याची परीक्षा घरीच होते: सराफाच्या काट्यावर 3.65 ग्रॅम कोरडं मीठ तोलून 96.35 ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवलं की काचेत 35 दिसायला हवेत.

विरोधकांचं एक म्हणणं मी मान्य करतो. हातून एक लिटर पाणी चुकून जास्त पडलं तर लहान टाकीला ते जास्त भोवतं. पण लहान टाकीत चूकही मापात ठेवता येते. दोन लिटरची काचेची बाटली शुद्ध पाण्याने भरून, तोंड बरोबर पाण्याच्या पातळीवर येईल अशी उलटी बांधायची. कोंबड्यांच्या पाणी पिण्याच्या भांड्याची हीच युक्ती आहे: पातळी उतरली की हवेचा बुडबुडा आत शिरतो, तेवढंच पाणी बाहेर येतं, तोंड बुडलं की थांबतं. वीज गेली तरी चालतं. बाटली तीन दिवस पुरते. आणि निसटून सगळी रिकामी झाली, तरी खारेपणा 35 वरून 33 च्या खाली जात नाही. 200 लिटरवाले पंप लावून 20 लिटरची बादली जोडतात. तिचा फ्लोट अडकला तर त्यांचं पाणी 32 च्याही खाली उतरतं.

शेवगावात पहिली टाकी घेणाऱ्याने म्हणून लिटर विचारू नयेत, खोली विचारावी. काचेवर पातळीची रेघ मारावी, बाटली बांधावी आणि आठवड्याला एकदा रिफ्रॅक्टोमीटर लावावा. काठावर साचणारी मिठाची पांढरी खपली ओल्या बोटाने परत पाण्यात ढकलावी, नाहीतर महिनोन्‌महिने खारेपणा हळूहळू उतरत राहतो.