घंटा वाजू द्यायची की धरायची?

गॅसचा लायटर दाबला की टक् होऊन ठिणगी पडते ना? आत सेल नसतो. सिरॅमिकच्या छोट्या तुकड्यावर हातोडी आपटते आणि त्या दाबातून वीज निघते. डेंटिस्टच्या पिझो स्केलरमध्ये आणि सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये हाच गुण वापरलाय, फक्त उलटा: वीज द्यायची, तुकडा थरथरतो. मग एक दातावरचं कीटण उडवतो आणि दुसरा पोटातलं बाळ अलगद दाखवतो, हे कसं?

१८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी क्वार्ट्‌झसारखे स्फटिक दाबून वीज मिळवली. पुढच्याच वर्षी लिपमानने गणितातून सांगितलं की उलटंही व्हायला हवं. भावांनी करून पाहिलं, तसंच झालं. पुढे बरीच वर्षं ही गंमत प्रयोगशाळेतच राहिली.

तिला बाहेर काढलं पहिल्या महायुद्धाने. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायचा होता. पण सेकंदाला ४० हजार कंपनांसाठी नुसता क्वार्ट्‌झ सुमारे ७ सेंटीमीटर जाड लागला असता, आणि तो हलवायला प्रचंड व्होल्टेज! पिएरचा विद्यार्थी पॉल लांजव्हां याने १९१७ मध्ये क्वार्ट्‌झच्या पातळ चकत्या दोन पोलादी प्लेटांमध्ये बसवल्या. चक्क सँडविच! चाचणीच्या टाकीत जवळचे मासे मेले, पाण्यात हात घातला तर दुखायचा. म्हणजे ऐकणं आणि घाव घालणं, दोन्ही वाटा तिथेच दिसल्या.

१९५० च्या दशकात पीझेडटी नावाचं सिरॅमिक आलं. शिसं, झिर्कोनियम, टायटॅनियमची भुकटी दाबून भट्टीत भाजायची, मग गरम तेलात हजारो व्होल्ट द्यायचे. हे शेवटचं केलं नाही तर हाती फक्त कपबशी!

आता देवळातली घंटा आठवा. वाजवून सोडली तर घुमत राहते, हाताने धरली तर 'टण्' होऊन गप्प.

स्केलरला घुमणारी घंटा हवी. म्हणून लांजव्हांचंच सँडविच: सिरॅमिकच्या रिंगा, दोन्हीकडे धातू, मधून आवळलेला बोल्ट. सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. सेकंदाला जवळपास ३० हजार वेळा हलताना ते तडकू नये म्हणून बोल्ट त्याला कायम दाबून धरतो. टोक दाताला टेकलं की कंपनसंख्या सरकते, तिचा पाठलाग सर्किट करतं. तेवढा भाग आम्हा कोडवाल्यांचा. पण बोल्ट सैल राहिला तर मागाहून अपडेट पाठवता येत नाही.

प्रोबला धरलेली घंटा हवी. मागे कंपन शोषणारा थर असतो. घुमत राहिली तर स्वतःच्याच आवाजात प्रतिध्वनी बुडेल.

आणि त्या प्रतिध्वनीवर जीव टांगलेला असतो. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये धातूतल्या भेगा शोधायचं कारखान्यातलं यंत्र, ऑपरेशनने काढलेल्या गाठींवर वापरून पाहिलं. पुढे त्यांच्याकडे एक बाई आली. पोटाचा कॅन्सर, ऑपरेशन अशक्य, असं निदान. पण गाठीच्या आतून प्रतिध्वनीच येईना, म्हणजे आत द्रव! ती अंडाशयाची गाठ निघाली, काढली, बाई वाचली. १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे सगळं काम छापून आलं.

पाणबुडीसाठी शिकलेलं ऐकणं असं माणसाच्या कामी आलं. एपिसोड आवडला तर दातांना घाबरणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटू!