जामकाठची स्थळे : पांढुर्णा व सौसर परिसराचे एक ऐतिहासिक दर्शन

नाशिक, पैठण, वाई ही नावे उच्चारताच डोळ्यांसमोर दगडी घाट उभे राहतात. नदीकाठच्या नगराचे वैभव घाटांवरून आणि देवळांच्या शिखरांवरून मोजण्याची आपली रीत आहे. या मोजमापाने पाहू गेल्यास जाम नदीच्या पदरी फारसे काही पडत नाही. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी घेऊन ती पांढुर्ण्यावरून, पुढे सौसरच्या मुलखातून वाहते आणि कन्हानला जाऊन मिळते. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून चालते. उन्हाळ्यात मात्र वाळू, खडक आणि गोटे एवढेच तिचे रूप उरते. परंतु या गोट्यांनीच पांढुर्ण्याचे नाव देशभर पोहोचवले आणि याच नदीच्या काठी, थोड्या खालच्या अंगाला, हजारो भाविकांचे श्रद्धास्थान आहे. म्हणून या भूमीतील प्रेक्षणीय स्थळांचा विचार करताना नदीचे बोट धरूनच चालणे श्रेयस्कर.

प्रथम भूमीविषयी. छिंदवाड्याहून नागपूरकडे येताना सिल्लेवानीचा घाट उतरला की देश बदलतो. वरचे सागवानी रान मागे पडते आणि काळी माती, कपाशी व संत्र्यांच्या बागा सुरू होतात. घाटाखालच्या या पट्ट्याचे नाते निसर्गाने आणि व्यवहाराने पूर्वीपासून नागपूरशीच जोडलेले आहे. ग्रामनामेही तीच साक्ष देतात. मराठी कृषिजीवनात वस्तीच्या जमिनीला ‘पांढरी’ व पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात. पांढुर्णा या नावाचे मूळ या पांढरीत असावे असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. समोरच्या तीरावरील सावरगाव हे सावरीच्या, म्हणजे शाल्मलीच्या झाडावरून नाव घेतलेले दिसते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नागपुरी बोलीचा विस्तार छिंदवाड्याच्या या दक्षिण भागापर्यंत दाखविलेला आहे.

पांढुर्ण्यास येणारा परस्थ मनुष्य बहुधा एकाच दिवसासाठी येतो. तो दिवस पोळ्याचा दुसरा, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा. श्रावणी अमावास्येला बैलांची पूजा होते, खांदेमळणीने थकवा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाम नदीच्या पात्रामध्ये पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. पूजा आटोपली की दोन्ही तीरांवरून गोटे सुटू लागतात. पांढुर्णेकरांनी पात्रात उतरून झाड तोडावयाचे व झेंडा हस्तगत करावयाचा. सावरगावकरांनी त्यांना रोखावयाचे. सायंकाळपर्यंत हा मारा चालतो आणि अखेरीस झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. सकाळी ज्यांनी एकमेकांवर दगड उचलले ते संध्याकाळी एकाच देवीपुढे हात जोडतात. ‘गोटमार’ हे नाव निखळ मराठी आहे. हिंदी वृत्तपत्रांनाही ते बदलता आलेले नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे.

या प्रथेच्या मुळाशी एक प्रेमकथा सांगितली जाते. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची कन्या यांनी पहाटेच्या वेळी नदी ओलांडून पळून जाण्याचा प्रयत्न केला; मुलीकडच्यांनी दगडांचा वर्षाव केला, मुलाकडच्यांनी त्यास दगडांनीच उत्तर दिले, आणि दोघेही जीव पात्रातच गेले. मग पश्चात्तापाने दोन्ही गावांनी त्यांचे देह चंडीमातेपुढे नेऊन पूजा केली. पात्रातील पळस हे त्या कन्येचेच प्रतीक, असे सावरगावात मानतात. दुसरी आख्यायिका सैनिकी वळणाची आहे : येथे तळ दिलेल्या सैन्याला गोफणगोट्यांचा सराव देण्यासाठी हा खेळ सुरू झाला, असे ती सांगते. आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच वाचावी. तरी तिच्यातून एक गोष्ट निश्चित हाती लागते, ती म्हणजे नदी ही शिव होती. गावाची शिव ओलांडणे हा जुन्या ग्रामव्यवस्थेत साधा प्रसंग नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुका निघतात. गावातील रोगराई आणि अनिष्ट त्या पुतळ्यांबरोबर वेशीबाहेर घालवून दिले जाते. त्याच तिथीला पांढुर्ण्यात दोन गावे शिवेवर समोरासमोर उभी राहतात. दोन्ही प्रथांचे कुळ एक आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पेरणी-निंदणीचा जड काळ संपल्यावर, पीक हाती येण्यापूर्वीच्या या संधिकाळात, सीमेवर काहीतरी निवारण करण्याची भावना दोहोंत समान दिसते.

परंतु लोकसंस्कृतीच्या कौतुकाने येथे डोळे झाकून चालणार नाही. गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात कायमचा निकामी होतो. १९५५ पासूनच्या काळात दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले आहेत. १९७८ आणि १९८७ या वर्षी परिस्थिती हाताबाहेर जाऊन पोलिसांना गोळीबार करावा लागला. २००१ मध्ये प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले; चेंडू बाजूला पडले आणि लोकांनी नदीतलेच गोटे उचलले. जमावबंदीचे आदेश निघतात, रुग्णवाहिका आणि वैद्यकीय पथके काठावर उभी राहतात, आणि गोटमार होतेच. दूर उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यातील देवीधुरा येथे वाराही देवीच्या प्रांगणात रक्षाबंधनाच्या दिवशी ‘बग्वाळ’ नावाचे असेच पाषाणयुद्ध होत असे. २०१३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दगडांना मनाई केली आणि फळाफुलांचा वापर सुरू झाला. दगड तिथेही पूर्णपणे थांबले असे नाही, पण देवीचा उत्सव मात्र बुडाला नाही. पांढुर्ण्यातील अनेक घरांत एक पिढी मैदानात असते आणि दुसरी दारात उभी राहून वाट पाहत असते. त्या दारातील पिढीचे मत कोणत्याही मेळ्याच्या वर्णनात सहसा येत नाही. प्रथेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ते एकदा विचारून पाहावे. पळस, झेंडा, चंडीमातेची पूजा आणि दोन तीरांचे मनोमीलन एवढे सारे राखूनही हातातला गोटा खाली ठेवता येतो; प्रथेचा प्राण गोट्यात आहे असे मानणे हा त्या कथेतील पश्चात्तापाचाच अवमान होय.

जामचे पाणी पुढे सौसर तालुक्यात जाते तेव्हा तिच्या काठचे वातावरण पालटते. जामसावळी येथे जाम व सर्पा या नद्यांच्या संगमाजवळ पिंपळाच्या छायेत हनुमंताची निद्रिस्त मूर्ती आहे. उभ्या, उड्डाण करणाऱ्या अथवा वीरासनातील मारुतीची सवय असलेल्या महाराष्ट्रीय भाविकाला हे पहुडलेले रूप क्षणभर चकित करते. मूर्ती पूर्वी उभी होती, तिच्याखाली धन असल्याच्या समजुतीने चोरांनी ती हलविण्याचा यत्न केला तेव्हा ती आडवी झाली, अशी कथा परिसरात प्रचलित आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारे जल भाविक तीर्थ म्हणून घेतात. शारीरिक आणि मानसिक व्याधींनी पीडित माणसे येथे मुक्काम करून राहतात. मंगळवारी व शनिवारी, विशेषतः हनुमान जयंतीस, नागपूर, अमरावती आणि बैतूलकडून माणसांची रीघ लागते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये येथे ‘हनुमान लोक’ या मोठ्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. मंदिराचा विस्तार होईल, प्रांगण सजेल, सोयी वाढतील, हे सर्व इष्टच. मात्र व्याधिग्रस्त माणसाला पिंपळाखाली निवांत बसता येणे हे या स्थानाचे मूळ माहात्म्य आहे, आणि दगडी कमानींच्या गर्दीत ते हरवू नये एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

सर्पेच्याच काठी मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. जामकाठचे लोधीखेडा हे एके काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि हातमागाच्या कापडासाठी नावाजलेले होते. स्टेनलेसच्या लखलखाटात तो धंदा मागे पडला. एखाद्या घरच्या माळ्यावर जुना गुंड अथवा घंगाळ अद्याप सापडते, तेवढीच त्याची स्मृती.

या साऱ्या मुलखाचे राजकीय मूळ मात्र नदीपासून दूर, डोंगरात आहे. मोहखेडच्या बाजूला देवगडचा किल्ला उभा आहे. गोंड राजा जाटबा याने सोळाव्या शतकात येथे सत्ता उभारली. अकबरकालीन ‘आईन-इ-अकबरी’त त्याचा उल्लेख येतो. त्याच्याच वंशातील बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. म्हणजे ज्या नागपूरकडे पांढुर्णा आणि सौसर आज बाजारासाठी, शिक्षणासाठी व औषधोपचारासाठी पाहतात, ते नागपूर या डोंगराचेच अपत्य होय. गडावर नगारखाना, बादलमहाल आणि मोतीटाके यांचे अवशेष आहेत. देवगडात आठशे विहिरी व नऊशे बावड्या होत्या, असे लोक सांगतात. आकडा श्रद्धेचा असला तरी बावड्या खऱ्या आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत त्यांतील अनेकींचा गाळ काढून त्या पुन्हा पाणी धरू लागल्या आहेत. डोंगरमाथ्यावर पाणी साठविण्याची ही जाण पाहिली की गोंड राजवटीला केवळ रानटी ठरविणाऱ्या जुन्या लेखकांची कीव येते.

पुढे चांदसुलतानाच्या निधनानंतर गादीचा कलह झाला, रघूजी भोसल्यांचा प्रवेश झाला आणि देवगडचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आले. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला व नागपूर त्याची राजधानी झाले. तेव्हापासून १९५६ पर्यंत पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याची राजधानी त्याच्या बाजाराचीच नगरी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदीभाषी म्हणून मध्य प्रदेशात राहिला, आणि जिल्ह्याबरोबर घाटाखालचा मराठी पट्टाही राहिला. जिल्हा हे एकक धरल्याने तालुक्याची भाषा हिशेबात आली नाही. यात कोणाचे वैर नव्हते. पण परिणाम घराघरांत पोहोचला. मुले हिंदीतून शिकली, कचेरीतील अर्ज हिंदीत लिहिले गेले, आणि मराठी स्वयंपाकघरात, भजनाच्या ओट्यावर, लग्नपत्रिकेत राहिली. अशा ठिकाणी मराठी पुस्तकाचे एक कपाट म्हणजे काय असते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहजी उमगणार नाही.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात समाविष्ट झाले. सत्तर वर्षांपूर्वी ज्या एककामुळे हा पट्टा बहुसंख्येत विरून गेला होता, ते एकक आता त्याच्या स्वतःच्या नावाचे झाले आहे. जुनी नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली आणि तिच्या जागी छिंदवाडा-नागपूर मार्गावर रुंद रूळ आले. पांढुर्णा तर इटारसी-नागपूर या मुख्य मार्गावरच आहे. पाहुण्यांना येणे सुकर झाले आहे. ते जामसावळीला दर्शन घेतील, मोहगावी थांबतील, वेळ असल्यास देवगड चढतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आले तर संध्याकाळी चंडीमातेच्या देवळाशी थांबावे. झेंडा आणणाऱ्यांच्या मागोमाग दोन्ही तीरांवरची माणसे येतात, आणि गर्दीत सावरगाव कोणते, पांढुर्णा कोणते, हे ओळखता येत नाही. बोली दोघांची एकच असते.