राब, वरकस आणि पाल्याचे करार

कर्जत-खालापूरकडे जमीन घ्यायला येणारा शहरी माणूस सात-बारावरच्या एका शब्दापाशी हमखास अडतो. तो शब्द म्हणजे ‘वरकस’. दलाल त्याला सांगतो, ‘काही नाही साहेब, हलकी जमीन, डोंगरउताराची. भात होत नाही, पण बंगल्याला एक नंबर.’ दलाल खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. वरकसात भात होत नाही हे खरे. पण वरकसाशिवाय खालच्या खाचरातही भात होत नव्हता, हा उरलेला अर्धा भाग. तो कळण्यासाठी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते. पालापाचोळा, टहाळ, गवत, शेण या आज ‘ओला कचरा’ नाहीतर ‘बागेचा कचरा’ म्हणून मोजल्या जाणाऱ्या वस्तूंवरून तेव्हा सरकार आणि गावे यांच्यात जे तंटे आणि जे करार झाले, त्यांचा इतिहास या शब्दात दडला आहे.

आधी राब म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी निम्म्यांनी तो आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिला असणार. चैत्र-वैशाखात नेरळ, भिवपुरी, पळसदरीच्या आसपास शेतांतून जे काळे चौकोन दिसतात, ती राब भाजलेली दाढ. भाताचे रोप ज्या तुकड्यात तयार करायचे त्या तुकड्यावर प्रथम शेणाचा थर, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ म्हणजे कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचे पांघरूण. मातीमुळे राख उडत नाही आणि आग धुमसत राहते. वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूने पेटवायचे, म्हणजे जाळ वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकतो आणि जमीन नीट भाजते. पहिला पाऊस पडला की त्यात बी फेकायचे. रोप वितीएवढे झाले की उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावणी. दाढीचा तुकडा एकूण शेताच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच असतो. पण त्याला लागणारा पाला त्या तुकड्यात कुठून येणार? तो वरून, वरकसातून आणि त्याच्याही वरच्या रानातून यायचा. ऐनाचा टहाळ सगळ्यांत चांगला मानत. झाड मुळातून न तोडता फांद्या छाटायच्या, पुन्हा फुटू द्यायच्या, असा आलटूनपालटूनचा हिशेब असे.

इंग्रजी अमदानीतल्या पहिल्या पाहणीदारांना हे उमजले होते. ठाणे-कुलाब्याच्या जमाबंदीत भातखाचराला जोडून वरकस जमीन धरली गेली. तिच्यावर सारा अगदी थोडा, कारण तिचे काम नागली-वरीचे पीक देण्याइतकेच पाला पुरवण्याचेही होते. सागवान आणि शिसव सरकारी, बाकीच्या झाडांचा टहाळ शेतकऱ्याचा, अशी ढोबळ समजूत होती. कागदावर ती फारशी बांधलेली नव्हती, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले, तेव्हापासून जंगलखात्याची नजर टहाळावर होतीच. पण १८७८चा जंगल कायदा आला आणि चित्र पालटले. राखीव जंगलात तोडणे, छाटणे, पेटवणे हे सगळे गुन्हे ठरले. ज्याचा पूर्वापार हक्क असेल त्याने तो जंगल-जमाबंदी अधिकाऱ्यासमोर शाबीत करायचा. आता हक्क शाबीत करायला कागद लागतो आणि आजोबा-पणजोबांनी ऐनाच्या फांद्या छाटल्या त्याची पावती कुणी फाडलेली नव्हती. खात्याचे म्हणणे असे की राबासाठी टहाळ नेऊ दिला जातो ती सरकारची मेहेरबानी. मेहेरबानी मागे घेता येते. शेतकऱ्याचे म्हणणे असे की वरकसाचा सारा भरतो तो कशाचा? माझ्या मते या भागाच्या शेतीच्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा वाद ‘हक्क’ आणि ‘सवलत’ या दोन शब्दांमधला आहे. जमीनदार-कूळ वाद त्याच्यानंतर येतो.

ओरड इतकी झाली की सरकारला १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या जंगलकारभाराची चौकशी करण्यासाठी ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७चा. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, १८९१ साली तो कुलाब्यात गेला. खालापूर हा तेव्हा कर्जतचाच पेटा. (कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली.) जिल्हा कुठलाही असो, तक्रार एकच होती. कातकरी-ठाकरांची लाकडाच्या मोळीची, कुणब्या-आगऱ्यांची टहाळाची. अशा चौकशीत राबाला एवढी जागा मिळावी याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण तांदळाचा सारा हाच सरकारचाही मुख्य वसूल होता. रोप बिघडले तर तिजोरी बिघडत होती.

याच सुमाराला एक फार चांगली गोष्ट घडली, जी आपल्याकडच्या वादांत क्वचित घडते: कुणीतरी मोजून पाहिले. इलाख्याच्या शेतीखात्याचे पहिले संचालक ई. सी. ओझान यांनी लोणावळ्याला राबाचे प्रयोग लावले. जंगलखात्याला वाटत होते की राब हा कुणब्याचा अडाणी हट्ट आहे. प्रयोगांतले आकडे कुणब्याच्या बाजूने पडले. भारतीय शेतीची पाहणी करायला विलायतेहून आलेल्या डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात या प्रयोगांची दखल घेतली. त्यानंतर पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राबाची रासायनिक तपासणी केली. तो निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. राखेतून मिळणारे खत हा फायद्याचा एक भाग, पण मातीला बसणारी धग हाही मोठा भाग, असे त्यातून पुढे आले. म्हणजे जाळलेली राख दुसरीकडून आणून टाकली तर तेवढे भागत नाही. आग त्याच जागी लागायला हवी. ‘जमीन भाजली पाहिजे’ हे म्हातारी माणसे सांगतच होती. हा निबंध मराठीत कधी नीट आला असता तर पुढची कित्येक भाषणे वाचली असती.

हे सगळे चालू असताना डोंगराच्या माथ्यावर निराळाच संसार उभा राहत होता. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकहून वर चढला आणि माथेरान ‘सापडले’, अशी रीतसर नोंद आहे. खालच्या ठाकरवाड्यांना ते हरवलेले होते असे दिसत नाही. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर गेली. इथे नगरपालिका आली आणि तिच्याबरोबर कचऱ्याचा नवा कायदेशीर अर्थ आला. १९०१च्या डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायद्याने रस्त्यावरून गोळा केलेले शेण, राख, केरकचरा ही पालिकेची मालमत्ता ठरवली. १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने तीच तरतूद पुढे चालवली. मालमत्ता म्हटली की ती विकता येते. पुण्यात सोनखत उसाच्या मळ्यांना विकले जाई आणि पालिकेला उत्पन्न होई. तेव्हाच्या करारात ठेकेदार पालिकेला पैसे देत असे. आज पालिका ठेकेदाराला टनावर पैसे देते. मधल्या काळात रासायनिक खताची गोणी आली, कचऱ्यात प्लास्टिक आले, आणि मालमत्तेची जबाबदारी झाली. हा उलटा फेरा कुठल्या एका वर्षी पुरा झाला असे सांगता येत नाही.

माथेरानचा कचरा मात्र आजही जुन्या वळणाचा आहे. मोटारींना बंदी, म्हणून घोडे. घोडे म्हणून लीद. आणि दाट झाडी म्हणून ढीगभर पाला. त्यात हॉटेलांचे उष्टे-खरकटे. याच नगरपालिकेच्या उपाध्यक्षपदावर एकेकाळी भाई कोतवाल होते, जे पुढे २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांच्या काळातल्या पालिकेपुढेही लीद आणि पाला असणारच, फक्त उष्टे इतके नसणार. अलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ तंत्रावर इथे जैववायूचा प्रकल्प उभारला गेला. त्यात खरकटे छान पचते: गरम पाण्यात कालवून आधी हवेशीर टाकीत, मग बंद टाकीत. वाळका पाला मात्र पचायला फार जड. त्याला वेगळा खड्डा, वेगळा वेळ लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ टाकी अशाच मालासाठी आहे: जाळीदार विटांची, पाला, शेण आणि मातीच्या थरांची. थरांचा क्रम पाहिला की राबाचीच आठवण होते. फरक एवढाच की इथे काडी ओढायची नाही.

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा कर्जत-खालापूरसह मोठा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्यात स्थानिक संस्थांवर ओला-सुका कचरा वेगळा करण्याची आणि कुजणाऱ्या मालाचे खत करण्याची जबाबदारी आली. २०१६च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला मनाई केली, बागेचा कचरा ज्याच्या आवारात पडतो त्याने तो तिथेच वेगळा साठवावा असे सांगितले. त्याच वर्षाच्या शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला. पण २०१६चे हे नियम मुख्यतः नगरपरिषदा आणि शहरासारख्या वस्त्यांना लागू होते. आणि या दोन तालुक्यांतली बहुतेक फार्महाउसे उभी आहेत ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत, पुष्कळदा जुन्या वरकसावर.

इथे इतिहास पुन्हा त्याच पायरीवर येतो. वरकस विकले गेले, त्यावर कुंपण आले, लॉन आले, आंब्या-चिकूच्या रांगा आल्या. कापलेल्या गवताचे आणि पाल्याचे ढीग दर आठवड्याला निघतात. कुंपणाखालचा शेतकरी मे महिन्यात पाल्यासाठी अजून रानात जातो, आणि कुंपणाआतला माळी तोच पाला कोपऱ्यात पेटवून देतो. दोघांचा धूर एकाच वाऱ्यावर जातो. पण एकाच्या आगीला पीक आहे, दुसऱ्याच्या आगीला फक्त कंटाळा. ग्रामपंचायतीकडे घंटागाडी असली तर ती पाला घेत नाही. फार्महाउसच्या पाल्याचा शेतकऱ्याशी करार करून देणे, ही ग्रामपंचायतीला सहज जमणारी गोष्ट आहे: कुणाच्या आवारातला, किती, कोणत्या महिन्यात, कोण वाहून नेणार. दीडशे वर्षांपूर्वी पाहणीदाराने खाचराला वरकस जोडले त्याहून हे अवघड नाही. अडचण आहे ती किरकोळ वाटणारी: शेतकऱ्याला ऐनाचा टहाळ आणि कोरडे गवत हवे असते, बागेत निघतो तो शोभेच्या झाडांचा चिवट पाला आणि ओले लॉन. राबाला तो धड उपयोगाचा नाही, खड्ड्याला आहे. म्हणजे करार करायचा तर शेतकऱ्यालाही राबाऐवजी कंपोस्टाकडे वळावे लागेल.

आणि तो वळतोही आहे, निराळ्याच कारणाने. टहाळ तोडायला, डोक्यावरून आणायला आता घरात माणसेच नाहीत. मुलगा खोपोलीच्या नाहीतर रसायनीच्या कारखान्यात असतो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस टेक्निक’मध्ये कायमच्या गादीवाफ्यांवर बी थेट टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून दाढ नाही, म्हणून राबही नाही. मागल्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. तणनाशक लागते, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु आहे. तरीही जे जंगलखात्याला १८७८च्या कायद्याने जमले नाही, ते मजुरीच्या भावाने आणि एका शेतकऱ्याच्या प्रयोगाने होऊ लागले आहे. कर्जतचे कृषी संशोधन केंद्रही राबाविना रोपवाटिकेच्या पद्धती शिकवते.

परवा कशेळ्याकडे जाताना एका बांधाच्या अलीकडे काळी दाढ होती आणि पलीकडे टोकणीसाठी ओढलेले वाफे. दोन्ही शेते एकाच घरातली, भावाभावांची. वरचे वरकस दोघांनी मिळून विकले होते. तिथल्या ऐनांपैकी तीन कुंपणाच्या आत गेले होते, एक बाहेर राहिला होता. बाहेरच्याच्या फांद्या छाटलेल्या होत्या.