निकाली निघालेला दावा : वर्ध्याचे क्रांतिकारक, लॉस एंजेलिसचे वकील आणि नागरिकत्वाचा कागद

१/ वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी स्वातंत्र्यानंतर मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सरकारने ती प्रथम नाकारली. इंग्रजांनी त्यांच्यावर घातलेली बंदी दप्तरात तशीच होती. राज्य गेले, कागद उरला. खानखोजे यांच्या पिढीतील परदेशस्थ हिंदी माणसांचे भवितव्य अशाच कागदांवर टांगलेले असे. त्यांपैकी एका कागदाची लढाई अमेरिकेतील न्यायालयात लढली गेली.

२/ खानखोजे यांचे बालपण वर्ध्यात गेले, पुढील शिक्षण नागपुरात झाले. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण अमेरिकेत जाऊन शेतीशास्त्र शिकला आणि गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाला. पॅसिफिक किनाऱ्यावर तेव्हा पंजाबी शेतमजूर, बंगाली विद्यार्थी आणि मोजके मराठी तरुण होते. कायद्याने हे सारे ब्रिटिश प्रजाजन. पण संकटात ब्रिटिश वकिलातीकडे धाव घ्यावी, तर तीच त्यांच्यावर पाळत ठेवणारी.

३/ मग अमेरिकेचे नागरिक का होऊ नये? १७९० च्या कायद्याने हा हक्क फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना दिला होता, १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. १९०६ च्या कायद्यानुसार आधी इरादापत्र भरायचे, किमान दोन वर्षे थांबायचे, एकूण पाच वर्षांचे वास्तव्य दाखवायचे, मग अर्ज करायचा. आणि त्यानंतरही सुनावणीसाठी ९० दिवस वाट पाहायची.

४/ हिंदी माणूस ‘गोरा’ की नाही, यावर न्यायाधीशांत एकमत नव्हते. काहींचे अर्ज फेटाळले गेले, काहींचे मंजूर झाले. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सखाराम गणेश पंडित यांना नागरिकत्व दिले. नाव मराठी वळणाचे, जन्म अहमदाबादचा. सरकारी अधिकाऱ्याने त्या वेळीच वंशाचा आक्षेप घेतला होता. तो ऐकून न्यायालयाने निर्णय दिला आणि सरकारने त्यावर अपील केले नाही. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

५/ पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. पुढे भगतसिंग थिंद यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांतही ते होते. थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले शीख गृहस्थ. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला ‘गोरा’ समजतो तोच गोरा. हिंदी माणूस त्यात बसत नाही.

६/ गंमत अशी की अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांना नाकारताना, याच न्यायालयाने ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ अशी व्याख्या केली होती. ती हिंदी लोकांच्या उपयोगी पडेल असे दिसताच कसोटीच बदलली.

७/ थिंद निकालानंतर सरकार मागे वळले. ज्यांना पूर्वी रीतसर नागरिकत्व मिळाले होते, त्यांचे दाखले ‘बेकायदा मिळवलेले’ ठरवून रद्द करण्याचे दावे सुरू झाले. अनेकांनी नागरिकत्व गमावले. पंडितांवरही दावा आला. वकील आता स्वतःच प्रतिवादी झाला.

८/ पणाला काय लागले होते? दाखला गेला तर वकिली जाणार. ब्रिटिश प्रजाजनत्व त्यांनी सोडलेलेच होते. म्हणजे कोणताच देश उरणार नाही. पत्नी लिलियन या जन्माने अमेरिकी. पण नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयाची पत्नी म्हणून १९२२ च्या कायद्याखाली त्यांचेही नागरिकत्व धोक्यात येणार.

९/ ‘मी गोरा आहे’ एवढ्याच युक्तिवादावर पंडित थांबले नाहीत. त्यांनी म्हटले : तुमच्या न्यायालयाच्या शब्दावर विसंबून मी आयुष्य उभारले. आक्षेप तेव्हाच ऐकला गेला, निकाल झाला, तुम्ही अपील केले नाही. आता तोच दावा पुन्हा कसा?

१०/ हे तत्त्व आपल्याकडेही जुनेच. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘प्राङ्न्याय’, म्हणजे ‘याचा न्याय पूर्वीच झाला आहे’. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांचे हेच म्हणणे मान्य केले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका विचारात घेण्यास नकार दिला.

११/ त्यानंतर सरकारने उरलेले दावे सोडून दिले. ज्यांची प्रकरणे रेंगाळली होती, ते त्या विलंबामुळेच वाचले. ज्यांचा निकाल लवकर लागला, ते बुडाले. नागरिकत्व आणि त्यासोबत दुकान गमावलेल्या वैष्णोदास बगई यांना मायदेशी जाण्यासाठी अमेरिकी पारपत्रही नाकारले गेले. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले.

१२/ पंडितांचा विजय मर्यादित होता. नवा अर्ज करणाऱ्या हिंदी माणसाला दार बंदच राहिले. थिंद यांना १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळाले. सर्व हिंदी लोकांसाठी दार उघडले ते २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने.

१३/ आणि खानखोजे? पंडितांचा खटला चालू असतानाच्या त्या वर्षांत त्यांना मेक्सिकोने आश्रय दिला. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका-गव्हावर संशोधन केले. दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची छबी आली. परक्या देशाने त्यांना भिंतीवर स्थान दिले, तेव्हा मायदेशाच्या दप्तरात त्यांचे नाव बंदीच्या यादीत होते.

१४/ ती बंदी अखेर उठली. खानखोजे परतले, नागपुरात स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. पंडितांच्या बाबतीत राज्याला आपला जुना निर्णय मोडायचा होता. खानखोजे यांच्या बाबतीत जुना निर्णय मोडायचे कोणाला सुचलेच नव्हते. दोन्ही वेळा राज्याच्या दृष्टीने तो केवळ एक कागद होता, आणि ज्याचे नाव त्यावर होते त्याचे अवघे आयुष्य.